रोजच्या व्यवहारांतून इंग्रजी लेखनाचा अभ्यास



महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पूर्वीं इंग्रजी पांचव्या इयत्तेपासून शिकवीत असत, इ. स. २००० पासून तें पहिलीपासूनच शिकविलें जाऊं लागलें. म्हणजे शालान्त परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशीं आज दहा वर्षांचें इंग्रजी असतें. असें असूनहि, "एस. टी. च्या पासासाठीं आगाराच्या व्यवस्थापकांस चार ओळींचा इंग्रजी अर्ज लिही," असें वडिलांनीं म्हटलें कीं पुष्कळ मुलांची लेखणी अडते. बुद्धि कमी म्हणून असें होतें काय? मुळींच नाहीं. वाचन झालें, पाठान्तर झालें. परंतु स्वतःची गोष्ट स्वतःच्या वाक्यांत मांडण्याची संवय झाली नाहीं, हेंच त्याचें कारण होय.

परीक्षेसाठीं मुलें गाइडांतील निबंध तोंडपाठ करितात. ज्यानें समुद्र कधीं पाहिला नाहीं तो 'समुद्रकिनाऱ्यावरील सायंकाळ' घडाघडा लिहितो. पण मध्येंच एक वाक्य विसरलें कीं सारी गाडी थांबते, कारण त्या शब्दांमागें डोळ्यांपुढें कोणतेंच चित्र नसतें. तोच मुलगा आठवडी बाजाराविषयीं लिहूं लागला, तर एखादा शब्द न आठवला तरी बाजार त्याच्यापुढें उभाच असतो. तो दुसरा शब्द शोधून पुढें जातो. परकी भाषा शिकतांना विषय तरी आपल्या ओळखीचा असावा, हें या लेखाचें सार आहे.

याचें एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच सांपडतें. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं झाला. त्यांचे पति गोपाळराव हे टपाल खात्यांत नोकर होते. त्यांनींच त्यांना शिकविलें. कोल्हापुरास मिशनकार्य केलेले रेव्हरंड वाइल्डर यांच्याशीं गोपाळरावांचा झालेला पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापला गेला. तो न्यू जर्सी प्रांतांतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनांत आला, आणि १८८० सालीं त्यांचा आनंदीबाईंशीं पत्रव्यवहार सुरू झाला. त्या वेळीं आनंदीबाई अवघ्या पंधरा वर्षांच्या होत्या. आपलें घर, आपल्या चालीरीति, आपली प्रकृति, आपली शिक्षणाची इच्छा, असे रोजच्या जीवनांतील विषय त्या इंग्रजींत लिहीत गेल्या. पलीकडे तें उत्सुकतेनें वाचणारें एक माणूस होतें. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या तेव्हां त्याच बाईंनीं त्यांना आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि १८८६ सालीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

त्यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित असलेल्या पंडिता रमाबाई यांचेंहि उदाहरण असेंच आहे. त्या संस्कृतांत पारंगत होत्या. इंग्रजीचा अभ्यास मात्र त्यांनीं मोठेपणींच केला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या आणि १८८७ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. त्याचा विषय होता उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांची स्थिति, म्हणजे ज्या जीवनाची त्यांना पूर्ण माहिती होती तोच.

आतां आपण काय लिहावें? आपल्या बीड जिल्ह्यांत विषयांची वाण नाहीं. आई भाकरी कशी करिते तें पायरीपायरीनें लिहिलें कीं आज्ञार्थाचा अभ्यास होतो: पीठ मळा, थापा, तव्यावर टाका, वरून पाणी लावा, उलटा. आजी रोज सकाळपासून काय काय करिते तें लिहिलें कीं वर्तमानकाळ येतो, आणि क्रियापदास 'एस' लावण्याची आठवण पक्की होते. काल बाजारांत काय घेतलें व किती पैसे उरले, हें लिहितांना भूतकाळ येतो. बालाघाटाच्या डोंगरांतील सीताफळ किंवा बीडची सोळाव्या शतकांतील खजाना विहीर ही वर्णनास योग्य आहेत. ज्वारी, भाकरी, कोयता या शब्दांस इंग्रजी प्रतिशब्द शोधीत बसूं नये. ते रोमन अक्षरांत तसेच लिहून पुढें एका वाक्यांत अर्थ सांगावा.

मराठीचा सांचा इंग्रजीस जसाच्या तसा लावल्यानें कांहीं चुका होतात, त्या ओळखून ठेवाव्या. "मीं बाजारांतून ज्वारी आणली" यांत क्रियापद शेवटीं येतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या लगेच मागून येतें: 'आय ब्रॉट ज्वारी फ्रॉम द मार्केट'. "मला दोन भाऊ आहेत" याचें इंग्रजी 'आय हॅव टू ब्रदर्स' असें होतें. तेथें 'मला' राहत नाहीं. "काल मी परळीस गेलों होतों" असें आपण सहज म्हणतों, म्हणून मुलें 'हॅड गॉन' लिहितात. तेथें नुसतें 'वेन्ट' पाहिजे. 'अ' आणि 'द' या उपपदांस मराठींत जोड नाहीं, म्हणून तीं वारंवार सुटतात.

रोज तारीख घालून पांचच वाक्यें लिहावीं. सर्व चुका एकाच दिवशीं सुधारावयास जाऊं नये. एका आठवड्यांत एकाच प्रकारची चूक पाहावी, आणि सुधारलेलीं वाक्यें पुन्हां स्वच्छ लिहावीं. दोघां मित्रांनीं वह्या बदलून वाचाव्या व उत्तरादाखल एक इंग्रजी प्रश्न लिहावा. आनंदीबाईंप्रमाणें खरा वाचक मिळाला कीं लेखणीस बळ येतें.

पालकांस विनंति अशी कीं, आपणांस इंग्रजी येत नाहीं म्हणून मुलाच्या अभ्यासांत आपलें काम नाहीं असें मानूं नका. मजकूर तर आपणांपाशींच आहे. पेरणी कशी केली, विहिरीस पाणी कधीं लागलें, हें आपण सांगा. मूल तें इंग्रजींत लिहील. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांनींहि फोनवर, "आज वहींत काय लिहिलेंस? मराठींत सांग," एवढें विचारलें तरी पुरे. अकरावीस विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलास पुस्तकें बहुधा इंग्रजींतच वाचावीं लागतात. केवळ पाठान्तरावर विसंबलेलें हुशार मूल तेथें गोंधळतें, आणि खेड्यांतील मुलांस हें जमावयाचें नाहीं असें उगाच समजून मागें फिरतें. तें मागें फिरूं नये, यासाठीं ही पांच वाक्यांची वही आहे. तीस खर्च नाहीं. नियम मात्र पाहिजे.