वोडका महागली, साखर संपली! रशियाच्या दारूधोरणाचा हिशेब

व्यापारी व कारागीर बंधूंनो, दारू हराम आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु एखादा अख्खा देश दारू कमी पिऊ लागतो तो कशामुळे, हे बाजारात बसणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. रशियाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे.

मे १९८५ मध्ये सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी दारूविरुद्ध मोहीम उघडली. विक्री दुपारी दोननंतरच सुरू होई, खरेदीचे वय २१ झाले, भाव चढले, द्राक्षबागाही तोडल्या गेल्या. फायदा लगेच दिसला. रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६२ वर्षांवरून १९८७ मध्ये ६५ च्या आसपास गेले.

परंतु लोकांची सवय सुटली नव्हती. घरोघरी हातभट्ट्या लागल्या. त्यांना साखर लागे, म्हणून दुकानांतली साखर नाहीशी झाली आणि तिचे रेशनिंग करावे लागले. इकडे सरकारी तिजोरीचा मोठा महसूल बुडाला आणि १९८८ पर्यंत मोहीम थंडावली. १९९२ मध्ये सरकारी मक्तेदारी उठताच स्वस्त वोडका रस्तोरस्ती आली. त्यात बेकारी व महागाईची भर पडली. १९९४ मध्ये पुरुषांचे आयुर्मान ५८ च्याही खाली घसरले.

दुसरा प्रयत्न सावकाश झाला. २००६ पासून मालाची नोंद कारखान्यापासून ठेवली जाऊ लागली. २०१० मध्ये अर्धा लिटर वोडकाला किमान ८९ रुबल भाव ठरला. पुढे कर वाढले, रात्रीची विक्री बंद झाली आणि २०१३ पासून बिअरही टपऱ्यांवरून हटली. दरम्यान नव्या पिढीची वोडकाची ओढही कमी होत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २००३ ते २०१६ या काळात तेथील दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी घटले.

बोध सरळ आहे. नुसती बंदी घातली की माल चोरवाटेने येतो. भाव, वेळ आणि पुरवठा यांवर पकड असेल व समाजाचे मनही वळत असेल, तरच खप उतरतो. इस्लाममध्येही दारूची मनाई टप्प्याटप्प्याने आली. आधी मने तयार झाली, मग अंतिम हुकूम आला.

हा विषय आपल्या गल्ल्याशीही निगडित आहे. मजुरीचा जो पैसा गुत्त्यावर जातो, तो किराणा, कापड वा शिवणकामाकडे येत नाही आणि मजुराच्या मुलांच्या फीलाही उरत नाही.