मिथेनाचे ऑक्सिडीकारक युग्मन

मिथेनाच्या दोन रेणूंतील हायड्रोजन अंशतः काढून ते परस्परांस जोडण्याची उत्प्रेरकी विक्रिया. तीत एथेन व एथिलीन मिळतात. एथिलिनाचे रेणू पुढे जोडून पेट्रोलासारखे द्रव इंधन बनविता येते. दूरच्या तेलक्षेत्रांतील नैसर्गिक वायू वाहून नेणे परवडत नसल्याने पुष्कळदा जाळून टाकतात. त्याचा असा उपयोग करणे हा या संशोधनामागील एक हेतू आहे.

जी. ई. केलर व एम. एम. भसीन यांनी १९८२ मध्ये अनेक धातूंची ऑक्साइडे तपासून ही विक्रिया दाखविली. १९८५ मध्ये जे. एच. लन्सफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियमयुक्त मॅग्नेशियम ऑक्साइड वापरले. सु. ७००° ते ९००° से. तापमानास ऑक्साइडाच्या पृष्ठभागावरील क्रियाशील ऑक्सिजन मिथेनातील एक हायड्रोजन अणू काढून घेतो. उरलेली मिथिल मूलके वायुरूपात जोडली जाऊन एथेन व त्यापासून एथिलीन बनते.

मिथेनातील बंध बळकट (४३९ किलोजूल प्रतिमोल) असल्याने उच्च तापमान लागते. परंतु त्या तापमानास एथिलीन मिथेनापेक्षा सहज जळून कार्बन डाय-ऑक्साइड बनतो. म्हणून मिथेनाचे रूपांतरण वाढविल्यास इष्ट उत्पादाचे प्रमाण घटते. मँगॅनीज व सोडियम टंगस्टेट यांचा सिलिकाधारित उत्प्रेरक अधिक टिकाऊ ठरला. तथापि एका फेरीतील उत्पादन सामान्यतः ३०% च्या आतच राहते.