नागपूरहून चिखलदरा: सफर दोन दिवसांची, पण अम्मीला सोबत घेऊन

नागपुरात पाहुणे आले की पहिले दोन दिवस कसे जातात ते कळत नाही. ताजबागला हाजरी होते, फुटाळ्यावर चक्कर होते, सीताबर्डीत खरेदी होते. तिसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहतो, आता यांना न्यायचं कुठे? हजरत बाबा ताजुद्दीन यांचा उरूस मोहरमच्या २६ तारखेला असतो. इस्लामी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे सध्या काही वर्षं हा उरूस ऐन पावसाळ्यात येतो आहे. मुंबई, हैदराबाद, भोपाळकडचे नातेवाईक त्याच दिवसांत आपल्याकडे असतात. आणि विदर्भाचं एकमेव थंड हवेचं ठिकाण, चिखलदरा, त्याच दिवसांत सगळ्यात हिरवं असतं.

मग अडचण कुठे आहे? अडचण आपल्या नियोजनात आहे. मोमिनपुरा, हंसापुरी, जाफरनगर, कामठी, कुठल्याही वस्तीत विचारून बघा. पोरांनी चिखलदरा पाहिलेला असतो. चार मित्र, दोन बाईक, पहाटे निघाले आणि रात्री परत. घरातल्या बायकांचा प्रवास मात्र लग्न, मय्यत, उरूस आणि दवाखाना इतकाच. "अम्मीला झेपणार नाही," असं आपण सहज म्हणून टाकतो. आम्ही शाळेत मुलींना सहलीबद्दल विचारतो तेव्हा हेच ऐकू येतं, भाई जाऊन आला, आम्ही नाही गेलो. अम्मीला डोंगर झेपतो. तिला झेपत नाही ती एका दिवसात साडेचारशे किलोमीटरची धावपळ. म्हणून हा लेख चिखलदऱ्याचं कौतुक करण्यासाठी कमी आणि सगळं घर सोबत कसं न्यायचं हे सांगण्यासाठी जास्त आहे.

आधी अंतर समजून घेऊ

नागपूर ते अमरावती साधारण १५५ किलोमीटर, कोंढाळी, तळेगाव, तिवसा करत तीन तास. अमरावती ते परतवाडा पन्नास-पंचावन्न किलोमीटर, दीड तास. परतवाड्यापुढे धामणगाव गढीवरून घाट चढला की चिखलदरा, तीसएक किलोमीटर, पण वळणांमुळे तास-सव्वा तास. म्हणजे एका बाजूचं अंतर २३० ते २४० किलोमीटर आणि थांबे धरून सहा-सात तास. जाऊन-येऊन बारा-तेरा तास गाडीतच गेले तर बघणार काय? म्हणून मुक्काम हवाच. एक रात्र पुरे, दोन असल्या तर बरंच.

दुसरी वाट काटोल, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार अशी जाते. संत्र्याच्या बागा बघायच्या असतील तर येताना ही वाट धरा. जाताना मात्र मोठा रस्ता बरा, कारण त्यावर थांबायच्या जागा जास्त आहेत.

स्वतःची गाडी नसेल तर अडायचं कारण नाही. नागपूरहून रेल्वेनं बडनेरा, तिथून अमरावतीचं एसटी स्टँड दहाएक किलोमीटर. अमरावती आणि परतवाडा इथून चिखलदऱ्याला एसटी जाते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत. दादी, अम्मी, फुफू आणि दोन मुली निघाल्या तर प्रवासाचा खर्च किती उतरतो ते कागदावर मांडून बघा. ही सवलत राज्याच्या हद्दीतच चालते. पचमढी सुंदर आहे यात वाद नाही, पण ती मध्य प्रदेशात. चिखलदरा आपल्याच राज्यात आहे, हा हिशेबातला मोठा फरक. ओळखपत्र मात्र प्रत्येकाचं सोबत ठेवा.

गाडी असेल तर पेट्रोलचा हिशेब पाचवीच्या गणितासारखा आहे. जाणं-येणं ४८० आणि तिथलं फिरणं ५०, मिळून ५३० किलोमीटर. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर सुमारे ३५ लिटर. त्या दिवसाच्या भावानं गुणा, त्यात टोल मिळवा. भाड्याची सात सीटर घेणार असाल तर तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आणि टोल कोणाकडे.

वाटेतलं अचलपूर चुकवू नका

बहुतेक गाड्या परतवाड्यातून सरळ घाटाला लागतात. बाजूलाच अचलपूर आहे, आपल्या बुजुर्गांच्या तोंडचं एलिचपूर. बहमनी सल्तनत फुटली आणि दख्खनमध्ये पाच शाह्या झाल्या. आमची मुलं परीक्षेसाठी पाठ करतात: अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बीदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. पहिल्या तीन शाह्यांवर पानंच्या पानं असतात. आपल्या घरच्या इमादशाहीला एक ओळ मिळते. तिची राजधानी हे अचलपूर, आणि तिचा डोंगरी किल्ला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड.

१४९० मध्ये ही शाही स्थापन करणारा फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क मूळचा विजयनगरकडचा कानडी हिंदू घरातला. लहानपणी लढाईत कैद होऊन वऱ्हाडात आला आणि इथेच वाढला, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं वऱ्हाड घेतलं आणि इमादशाही संपली. एवढं मुलांना गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर दगडांना अर्थ येतो.

अचलपूरला दोन तास द्या. गावाबाहेर हौज कटोरा आहे, गोल तलावाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा. शाह दूल्हा रहमान गाझी यांची दर्गाह आहे. जुन्या परकोटाच्या वेशी आहेत. जुहरची नमाज आणि दुपारचं जेवण इथेच उरकावं. अचलपूर-परतवाड्यात आपल्या पद्धतीचं जेवण मिळतं, वर घाटात त्याची खात्री नसते.

नमाज, जेवण आणि पाणी

नागपूरहून चिखलदऱ्याला जाणारा मुसाफिर ठरतो. हनफी मसलकानुसार साधारण ७८ किलोमीटरच्या पुढे आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कसर आहे. जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. स्थानिक इमामामागे उभे राहिलात तर नमाज पूर्ण पढायची. मुलांना हे पुस्तकातून शिकवण्यापेक्षा सफरीत लवकर कळतं. गाडीत दोन चटया आणि वजूसाठी पाण्याचा एक कॅन ठेवला की जागेचा प्रश्न मिटतो.

जेवणाचं सोपं उत्तर असं: वर असेपर्यंत शाकाहारी. पिठलं-भाकर, वांग्याचं भरीत, भाजलेलं कणीस. जवळच्या मोथा गावात गवळ्यांची वस्ती आहे, तिकडची रबडी आणि खवा घ्या. गाविलगडाचं नावही या गवळ्यांवरूनच पडलं असं सांगतात. चिखलदऱ्यात कॉफीची झाडंही आहेत, मुलांना दाखवा. रात्रीसाठी घरून शामी कबाब आणि रोट्या नेल्या तरी चालतं.

आता पाण्याची गोष्ट. ही कोणी उघड बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. वाटेत बाथरूम मिळेल की नाही या धास्तीनं आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग घाटात डोकं चढतं, उलटी होते, लघवीचा त्रास मागे लागतो, आणि घरात वाक्य तयार होतं, "बघा, म्हटलं नव्हतं, झेपणार नाही." उपाय एवढाच की दर दीड तासाला थांबा आधीच ठरवायचा आणि तो घरातल्या बायकांना निघण्यापूर्वी सांगायचा: तळेगाव, अमरावती, परतवाडा. थांबा ठरलेला असला की पाणी पोटात जातं. शुगरची औषधं, बीपीच्या गोळ्या आणि उलटीची गोळी डिकीत टाकू नका, हाताशी ठेवा.

वर गेल्यावर

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर, नागपूर ३१० मीटर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंश उतरतं, म्हणजे नागपूरपेक्षा वर चार-पाच अंश कमी. मे महिन्यात हा फरक मोठा वाटतो, आणि जुलैत धुकं व वारा मिळून थंडीच वाजते. दादीसाठी शाल आणि सगळ्यांसाठी रेनकोट हवाच. छत्री वाऱ्यात टिकत नाही.

देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट आणि आवाज घुमतो तो पंचबोल पॉइंट, इथे गाडी जवळपर्यंत जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी हे बघावं. भीमकुंडाच्या दरीशी भीमानं कीचकाला मारल्याची कथा जोडलेली आहे. पावसाळ्यात तिथे धबधबा असतो. कठड्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढू नका. शेवाळलेल्या दगडावर पाय एकदाच सरकतो.

गाविलगड सकाळी करा. हा किल्ला १४२५ मध्ये अहमदशहा वली बहमनीनं बांधला आणि फतहुल्लाहनं तो मजबूत केला. दिल्ली दरवाज्यावर सिंह आणि दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. गंडभेरुंड विजयनगरकडची खूण आहे, ती फतहुल्लाहच्या किल्ल्यावर का आली असेल, हा प्रश्न मुलांना तिथे उभं राहूनच विचारा. आत मोठ्या तोफा, तलाव आणि जामा मशिदीचे अवशेष आहेत. त्या भिंतीवर कोणी नाव कोरताना दिसला तर अदबीनं थांबवा.

नागपूरचाही या गडाशी जुना हिशेब आहे. तेव्हा तो नागपूरच्या भोसल्यांकडे होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी दुसऱ्या रघुजींना देवगावचा तह करावा लागला आणि कटक हातचं गेलं. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

किल्ल्याचा पसारा मोठा आहे, सगळा पाहायचा हट्ट नको. दरवाजे आणि मशीद बघून परत फिरलं तरी पुष्कळ. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासोबत एक जण गाडीपाशी थांबेल, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

हा सगळा मेळघाटचा परिसर. मेळघाट १९७३-७४ मधल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि कोरकू लोकांचं हे घर आहे. पावसाळ्यात जंगल सफारी साधारणपणे बंद असते, त्या आशेवर निघू नका. कोरकू मुलांकडे चिप्सची पाकिटं फेकून फोटो काढणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. आपण तसं करू नये. त्यांच्याकडून भाजी, मध, कणीस विकत घ्या आणि भावात फार घासाघीस करू नका.

दोन दिवस असे बसवा

पहिला दिवस: फजरनंतर सहाला निघा. साडेनऊला अमरावतीत नाश्ता. साडेअकरा ते दीड अचलपूर. अडीचच्या आत घाटाला लागा, चारपर्यंत मुक्कामी. असर पढून एखादा जवळचा पॉइंट, मग आराम.

दुसरा दिवस: साडेसातला गाविलगड, अकराला परत. भीमकुंड बघून जुहर आणि जेवण, एक वाजता उतरायला सुरुवात. चारपर्यंत अमरावती, तिथे चहा आणि असर, रात्री आठच्या सुमारास नागपूर. धुक्यात आणि अंधारात घाट चढायचा-उतरायचा नाही, एवढा एक नियम पक्का.

शनिवार-रविवारी पावसाळ्यात घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. सोमवार ते गुरुवार जमलं तर खोलीही स्वस्त पडते. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खाजगी लॉजही आहेत. बुकिंग फोनवर करताना पूर्ण नावं, माणसं किती आणि तळमजल्यावर खोली हवी हे स्पष्ट सांगा आणि मेसेजवर लिहून घ्या. सामान उतरवल्यावर दारात वाद नको. वर काही ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून पत्ते आणि नंबर कागदावरही ठेवा. तब्येत बिघडलीच तर १०८ लावा. मोठ्या उपचारासाठी अचलपूर किंवा अमरावती गाठावं लागतं, म्हणून ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच निघावं.

शेवटी एक सुचवतो. तारीख अब्बांनी किंवा मोठ्या भावानं ठरवून घरात जाहीर करायची, ही पद्धत यावेळी बदला. रात्री जेवण झाल्यावर दस्तरख्वानावरच कागद-पेन घ्या. आधी अम्मीला विचारा, कोणता दिवस सोयीचा आणि कुठे कुठे थांबायचं. आठवी-नववीतल्या मुलीकडे हिशेबाची वही द्या. किलोमीटर, पेट्रोल, तिकीट, सगळं तिला लिहू द्या. ती वही परत आल्यावर जपून ठेवा, पुढच्या उरसाला पाहुणे आले की उपयोगी पडेल.