एकाच शिफारसपत्रात विद्वत्ता आणि सेवा

ड्युसेलडॉर्फचे विद्यापीठ १९६५ साली स्थापन झाले. परंतु याच नगरीत १७९७ साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या हाइन्रिश हाइने या कवीचे नाव त्यास द्यावे की न द्यावे, हा वाद दोन दशकांहून अधिक काळ धुमसून १९८८ साली कोठे निकालात निघाला. सन्मान ही किती जोखमीची बाब असते याचा असा प्रत्यय आलेल्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दिले जाणारे एक पारितोषिक मला विशेष विचारणीय वाटते. १९२५ साली स्थापन झालेली ‘डाड’ ही शैक्षणिक विनिमयाची जर्मन संस्था त्यासाठी एक हजार युरो पुरवते आणि निवड विद्यापीठावर सोपवते. अट अशी, की उमेदवाराचे अध्ययन उत्कृष्ट असावेच, आणि त्याच्या जोडीला समाजात अथवा भिन्न संस्कृतींच्या लोकांत त्याने काही भरीव कार्यही केलेले असावे.

आपल्याकडे सुवर्णपदक गुणपत्रिकेवरून ठरते, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे पुरस्कार निराळ्याच दप्तरातून निघतात. इतर शास्त्रांना ही फारकत कदाचित मानवेल. समाजशास्त्राला मात्र ती मानवत नाही. ड्युसेलडॉर्फमधील ओबरबिल्कसारख्या, मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत जो विद्यार्थी सायंकाळी मुलांचा अभ्यास घेतो, त्याला घरभाडे, कचेऱ्यांतील हेलपाटे आणि दोन पिढ्यांतील दुरावा यांविषयी जे उमगते, ते प्रश्नावलीच्या रकान्यांत सहसा उतरत नाही.

या संदर्भात इरावती कर्वे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली बर्लिनला गेलेल्या या विदुषीने, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते असलेल्या ऑयगेन फिशर यांच्याच मार्गदर्शनाखाली कवट्यांची मोजमापे घेतली आणि कवटीच्या असमतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष निर्भयपणे मांडला. पुढे कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणाने विस्थापित केलेल्या लोकांची जी पाहणी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरणाच्या हिशेबात ज्यांची गणना केवळ संपादित जमिनीपुरती होती, त्यांची घरे, नाती आणि हाल तीत नोंदले गेले.

ड्युसेलडॉर्फमध्ये समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याचा असा गौरव होताना त्याच्या प्राध्यापकांबरोबर, ज्या वस्तीत तो राबला तेथील एखाद्या मातेचाही अभिप्राय निवड समितीने मागवावा, असे मला मनापासून वाटते.