छिद्रांचें दप्तर : यांत्रिक पियानोसाठीं रचिलेल्या संगीताचें अस्सल कोणतें ?

जुना कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं नक्कल, हा प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. हस्ताक्षर, शिक्का, कागदाची जात, मजकुराची धाटणी यांवरून तो त्याचें उत्तर काढतो. आणि अस्सल एकदां ठरलें कीं पुढचा वाद बहुधा अर्थापुरताच उरतो. परंतु ज्या कागदावर एकहि अक्षर नाहीं, नुसतीं हजारों भोकें आहेत, आणि ज्याचा मजकूर डोळ्यांनीं वाचावयाचा नसून एका विशिष्ट यंत्राकडून ऐकावयाचा आहे, त्याच्या बाबतींत अस्सल कशास म्हणावें ? असे कागद आहेत, आणि ते फार जुनेहि नाहींत. विसाव्या शतकांत यूरोप-अमेरिकेंतील कांहीं रचनाकारांनीं वादकास बाजूस सारून थेट यंत्रासाठीं संगीत रचिलें. त्यांत कॉन्लन नॅनकॅरो (१९१२–१९९७) याचें काम सर्वांत मोठें. त्याच्या कागदांचा विचार करतां असें दिसतें कीं, या संगीतांत लेख आणि यंत्र हीं दोन साधनें नसून तीं मिळून एकच साधन होतें. यंत्राची माहिती नाहींशी झाली तर उरलेला कागद अर्धाच म्हणावा लागेल.

आपोआप वाजणारें वाद्य ही कल्पना जुनी आहे. भोजराजाच्या समरांगणसूत्रधारांत यंत्रविधान नांवाचा एकतिसावा अध्याय आहे, व त्यांत निरनिराळ्या वाद्यांचे ध्वनि काढणाऱ्या यंत्रांचाहि उल्लेख येतो. मात्र यंत्रांची घडण आपण सांगत नाहीं ती अज्ञानामुळें नव्हे, तर गुप्ततेसाठीं, असें ग्रंथकार तेथेंच बजावतो. ही सावधगिरी त्याच्या काळीं योग्यहि असेल. पण तिच्यामुळें तीं यंत्रें कशीं वाजत हें आज त्या ग्रंथावरून ठरवितां येत नाहीं. याच्या उलट फ्रान्समधील आंग्रामेल नामक एका ऑगस्टिनियन संन्याशानें १७७५ सालीं लाकडी रुळावर खिळे कोठें व किती अंतरानें ठोकावे, याचें पुस्तकच छापून टाकिलें. आणि १७७८ त डॉम बेदोस याच्या ऑर्गनविषयक ग्रंथाच्या चौथ्या भागांत तो विषय पुन्हां सविस्तर आला. आंग्रामेलच्या पद्धतींत प्रत्येक स्वराचे दोन भाग धरिले आहेत : एक नादाचा व दुसरा त्यामागून येणाऱ्या निःशब्दतेचा, आणि दोहोंचीं मापें वेगळीं दिलीं आहेत. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत लयीची व्याख्या क्रियेनंतरच्या विश्रांतीवर बसविली आहे, तिची येथें आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. अठराव्या शतकांतील फ्रेंच वादक लिहिलेला स्वर प्रत्यक्षांत किती तोडून वाजवीत, हें त्या काळच्या स्वरलेखनावरून नीट कळत नाहीं. खिळ्यांच्या मापांवरून पुष्कळ कळतें.

हायडनच्या छोट्या रचना ज्यांत बसविल्या आहेत अशीं, एस्टरहाझी घराण्याचा ग्रंथपाल निमेत्स यानें १७९२ व १७९३ सालीं घडविलेलीं बांसरीघड्याळें टिकून आहेत, आणि त्यांचीहि साक्ष याच प्रकारची आहे. मोत्सार्टनेंहि १७९०–९१ त अशा यंत्रांसाठीं रचना केल्या. त्या कामाचा आपणांस कंटाळा आल्याचें त्यानें पत्नीस कळविलें होतें. वाचकांपैकीं कोणास येथें टिपूच्या वाघाचें स्मरण होईल. परंतु लंडनच्या व्हिक्टोरिया आणि ॲल्बर्ट संग्रहालयांतील त्या वाघाच्या पोटांत ऑर्गन असला, तरी त्याच्या पट्ट्या हातानेंच दाबाव्या लागतात. दांडा फिरविला म्हणजे निघतो तो वाघाचा गुरगुराट आणि खालीं पडलेल्या माणसाचा आक्रोश. म्हणून तो या वर्गांत बसत नाहीं.

रुळाची जागा पुढें कागदानें घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत पियानोला हें यंत्र निघालें, आणि त्याच तत्त्वावरचे यांत्रिक पियानो मग घरोघर गेले. त्याची रचना समजून घेतल्यावांचून पुढील विवेचन कळणार नाहीं. कागदाची एक लांब गुंडाळी एका रुळावरून सुटून दुसऱ्या रुळावर चढत असते. वाटेंत ती एका पितळी पट्टीवरून सरकते. त्या पट्टीस पियानोच्या अठ्ठ्याऐशीं स्वरांसाठीं ओळीनें बारीक छिद्रें असतात. यंत्राच्या आंत भात्यानें हवा ओढून घेतलेली असते. कागदांतील भोंक पट्टीच्या छिद्रावर आलें कीं बाहेरची हवा त्यांतून आंत शिरते, एक झडप उघडते, त्या स्वराचा लहानसा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर आदळते. भोंक आडव्या दिशेस कोठें आहे त्यावरून स्वर ठरतो. उभ्या दिशेस कोठें आहे त्यावरून काल ठरतो. १९०८ सालीं अमेरिकेंतील कारखानदारांनीं बफेलो येथें जमून कागदाची रुंदी सव्वाअकरा इंच व इंचास नऊ छिद्रें हें माप मुक्रर केलें, म्हणून एका कारखान्याची गुंडाळी दुसऱ्याच्या वाद्यावर चालूं लागली. गुंडाळीवर गतीचा आंकडा छापलेला असे : सत्तर म्हणजे मिनिटास सात फूट. या आंकड्यांत एक मेख आहे. दुसऱ्या रुळावर कागद चढत जातो तसा त्याचा घेर वाढतो, आणि रूळ तितक्याच फेऱ्या घेत असला तरी कागद अधिकाधिक जलद ओढला जातो. म्हणजे छापलेली गति आरंभीं खरी, शेवटीं नव्हे.

या यंत्राकडे मोठ्या रचनाकारांचें लक्ष पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गेलें. स्त्राविन्स्कीनें १९१७ त पियानोलासाठीं एक अभ्यासरचना केली. ती १९२१ सालीं लंडन येथें प्रथम ऐकविण्यांत आली. हिंदेमित व टॉख यांच्या यांत्रिक पियानोसाठीं केलेल्या रचना १९२६ त जर्मनींत डोनाउएशिंगेन येथें झाल्या. परंतु एकाहून अधिक यंत्रें किंवा यंत्र आणि वादक यांना एकत्र आणण्याचा प्रश्न आला, कीं सगळ्यांचें घोडें पेंड खाई. स्त्राविन्स्कीनें 'ले नोस' या विवाहगीतांच्या रचनेचा पियानोला असलेला एक आराखडा १९१९ त केला व सोडून दिला; अखेरचें रूप १९२३ सालीं माणसांनीं वाजवावयाच्या चार पियानोंसह पुढें आलें. अमेरिकन रचनाकार जॉर्ज अँथाइल यानें 'बॅले मेकॅनिक' मध्यें सोळा यांत्रिक पियानो कल्पिले होते. ते एका चालीनें चालवितां न आल्यानें १९२६ त पॅरिसमध्यें व १९२७ त न्यूयॉर्कमध्यें एकाच यंत्रावर व साध्या पियानोंवर काम भागवावें लागलें. मूळ सोळांची योजना संगणकानें चालणाऱ्या पियानोंवर १९९९ सालीं पार पडली. त्याच अँथाइलनें चित्रपटनटी हेडी लामार हिच्याबरोबर १९४२ त पाणतीराच्या गुप्त संदेशवहनाचें एक पेटंट घेतलें. त्यांत भोकें पाडलेल्या दोन गुंडाळ्या एकाच गतीनें चालवून अठ्ठ्याऐशीं कंपनसंख्यांमधून संदेश उड्या मारीत न्यावयाचा होता. अठ्ठ्याऐशीं हा आंकडा कोठून आला, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

आतां नॅनकॅरोकडे वळूं. अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत टेक्सारकाना येथें त्याचा जन्म झाला. तरुणपणीं तो ट्रंपेट वाजवी. स्पेनच्या यादवींत प्रजासत्ताकाच्या बाजूनें लिंकन पथकांत तो लढला, आणि परत आल्यावर त्याला सरकारकडून पासपोर्ट मिळेना. तेव्हां १९४० त तो मेक्सिको शहरीं गेला व मरेपर्यंत तेथेंच राहिला. एकाच वेळीं निरनिराळ्या लयी चालविण्याची त्याची हौस वादकांच्या आटोक्याबाहेरची होती. हेन्री कॉवेल याच्या १९३० सालच्या एका ग्रंथांत अशा लयी यांत्रिक पियानोच्या कागदावर कापतां येतील अशी सूचना त्यानें वाचली होती. १९४७ त कांहीं वारसा हातीं येतांच तो न्यूयॉर्कला गेला, त्यानें एक यांत्रिक पियानो मिळविला आणि हातानें भोकें पाडण्याचें एक यंत्र करवून घेतलें. पुढें सुमारें पंचेचाळीस वर्षें एकेक भोंक पाडीत त्यानें 'अभ्यास' या साध्या नांवाखालीं पन्नासाच्या आसपास रचना केल्या. कांहीं मिनिटांच्या रचनेस महिनेच्या महिने लागत.

त्या रचनांचें मर्म आपल्याकडील वाचकास समजणें अवघड नाहीं. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत; आणि मृदंगी किंवा तबलजी सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट लय धरतो, तें आपण ऐकतोंच. फरक इतकाच कीं आपला वादक मूळ लय मनांत ठेवून तिच्यावर दुसरी बसवितो. नॅनकॅरो दोन, तीन, चार, प्रसंगीं बारा लयी खरोखरच एकाच वेळीं ऐकवितो. त्याची आवडती रीत कॅननची : एक स्वरपंक्ति जें म्हणते तेंच दुसरी मागून म्हणते, पण वेगळ्या गतीनें. छत्तिसाव्या अभ्यासांत चार पंक्तींच्या गति १७, १८, १९ व २० या प्रमाणांत आहेत. सर्वांत मंद प्रथम निघते, सर्वांत जलद शेवटीं. मध्यावर चारी एका क्षणीं एकत्र येतात आणि पुन्हां फांकतात. आपल्या समेसारखाच हा क्षण; मात्र आपली सम प्रत्येक आवर्तनास येते, ही एकदांच. एकविसाव्या अभ्यासांत एक पंक्ति सारखी जलद होत जाते, दुसरी सारखी मंद. चाळिसाव्यांत तर गतींच्या प्रमाणासाठीं गणितांतील ई व पाय या संख्या घेतल्या आहेत.

सदतिसावा अभ्यास सर्वांत विचार करण्याजोगा. त्यांत बारा पंक्ति, बारा गति. सर्वांत मंद १५० ची, सर्वांत जलद २८१¼ ची. या मधल्या गति मनमानी नाहींत. त्या सप्तकांतील बारा स्वरांच्या कंपनसंख्यांच्या प्रमाणांत आहेत. १५० हा षड्ज धरिला तर १८७½ सव्वापट म्हणजे गांधार, आणि २२५ दीडपट म्हणजे पंचम. षड्जपंचमाचें जें नातें आपण स्वरांत ऐकतों तेंच येथें लयींत मांडलें आहे. हें माणसाच्या बोटांनीं होणें नाहीं, आणि होण्याची आवश्यकताहि नाहीं. कागदावर दीडपट म्हणजे पट्टीनें मोजलेलें अंतर.

येथपर्यंत पाहतां कागद हेंच अस्सल असें कोणीहि म्हणेल. परंतु नॅनकॅरोनें आपल्या दोन्ही पियानोंच्या हातोड्यांवरील नमद्याची मऊ धार चालूं दिली नाहीं. चामडें व धातु यांचा उपयोग करून त्या कठीण करविल्या. हेतु असा कीं, दाट गर्दींतहि प्रत्येक स्वर टांकीच्या घावासारखा सुटा ऐकूं यावा. ही गोष्ट गुंडाळींत कोठेंच लिहिलेली नाहीं, आणि भोकांवरून ती कधींहि कळणार नाहीं. शिवाय लेखांचा क्रमहि नेहमींच्या उलट आहे. प्रथम पेन्सिलीचा खर्डा, त्यावरून भोकें, आणि वाचकांसाठींची स्वच्छ स्वरलिपि मागाहून. अखेरची स्वहस्ताची शुद्ध प्रत प्रमाण मानण्याचा आपला नियम येथें लावला, तर रचनेनंतर झालेल्या वर्णनास रचना समजल्यासारखें होईल. क्रमांकांवरूनहि फसगत होण्याचा संभव आहे : यादींत अडतीस व एकोणचाळीस हे आंकडे रिकामे दिसतात, पण कांहीं हरवलेलें नाहीं, त्या रचना पुढें त्रेचाळीस व अठ्ठेचाळीस म्हणून आल्या.

१९७७ पासून निघालेल्या ध्वनिमुद्रिकांमुळें त्याचें नांव बाहेर पडलें; १९८० त हंगेरियन रचनाकार लिगेती यानें त्या पॅरिसमध्यें ऐकून मोकळ्या मनानें स्तुति केली, आणि १९८२ त त्यास मॅकआर्थर वृत्ति मिळाली. नंतर जर्मनींत युर्गेन होकर यानें नमद्याच्या हातोड्यांच्या मोठ्या पियानोवर याच गुंडाळ्या सभागृहांतून ऐकविल्या. भोकांचें संगणकांतील आंकड्यांत रूपांतर झालें. वाद्यवृंदांनीं कांहीं अभ्यास माणसांकडूनहि वाजविले. हें सर्व स्वागतार्ह आहे, आणि होकरच्या प्रयोगांस स्वतः रचनाकाराचा पाठिंबा होता. पण त्यास पाठभेद म्हणावें, मूळ पाठ म्हणूं नये, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. भोकें तींच असलीं तरी आघात बदलला कीं दाट जागीं पंक्ति एकमेकींत मिसळतात, आणि ज्या प्रमाणांसाठीं एवढा खटाटोप केला तींच कानास लागत नाहींत. दोन पियानोंच्या अभ्यासांत तर कागद आणखी कमी पडतो, कारण दोन यंत्रांचा मेळ कागदावर नसतो. अँथाइलला जेथें ठेंच लागली तेथेंच नॅनकॅरोहि अडखळला. आणि चव्वेचाळिसाव्या अभ्यासांत त्यानें दोन्ही पियानो हवे तसे जुळोत, अशीच रचना करून तो प्रश्न निकालांत काढला.

त्याचे हस्तलेख व गुंडाळ्या आज स्वित्झर्लंडांत बाझेल येथील पाउल झाकर प्रतिष्ठानांत आहेत. अशा संग्रहांत गुंडाळीशेजारीं तिच्या वाद्याचाहि लेख पाहिजे : हातोडीवर काय होतें, तें किती झिजलें, भात्याचा जोर किती, गतीचा दांडा कोठें ठेवीत. सुदैवानें त्याच्याच पियानोंवर १९८८ त पुन्हां ध्वनिमुद्रण झालें आहे. पहिल्या व या दुसऱ्या मुद्रणांत एकाच अभ्यासाचा काल सेकंदांनीं मोजला, तर वाद्याची गति मध्यंतरीं बदलली काय, हें ठरवितां येईल. मात्र मोजतांना गुंडाळीचा आरंभ व शेवट वेगवेगळे मोजले पाहिजेत, कारण रुळावर कागद चढेल तसा वेग वाढत जातो.