चाड्यावर मूठ असताना हाक मारू नका

धावपट्टीशेजारी शेती असणाऱ्यांसाठी चार शब्द



पेरणी चालू असताना चाड्यावर मूठ धरलेल्या माणसाला बांधावरून कोणी हाक मारतं का? मारली आणि त्याची मान वळली, की बी चुकलंच म्हणून समजा. त्या दिवशी ते कळत नाही. आठ दिवसांनी उगवण झाली, की ओळीत नांग्या दिसतात आणि मग त्या भरत बसावं लागतं. विमान उतरवणाऱ्याचंही नेमकं असंच असतं. फरक एवढाच, की त्याला नांग्या भरायला दुसरा दिवस मिळेलच असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेतीच्या पानावर विमान कुठून आलं? आपल्या राज्यात धुळ्याजवळचं गोंदूर, जळगाव, गोंदियाजवळचं बिरसी अशा ठिकाणी शिकाऊ वैमानिक सराव करतात. या धावपट्ट्यांना शेजार कुणाचा? कपाशीचा, मक्याचा, केळीचा. म्हणजे तुमचा. विमान उतरताना त्याच्या पोटाखाली असतं ते तुमचंच शेत. म्हणून हा विषय आपला आहे. आणि याबाबत एक चूक माझ्या हातून झालेली असल्यामुळे तो मीच लिहायला हवा.

माझी चूक

अशाच एका धावपट्टीच्या टोकापासून किलोमीटरभरावर एका शेतात मी फवारणीच्या ड्रोनचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पन्नास-साठ शेतकरी जमले होते. पिकावर ड्रोन फार तर आठ-दहा फुटांवरून चालतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे धावपट्टीवर कळवायचं मनातही आलं नाही. मागच्या रांगेतल्या मंडळींना नीट दिसावं म्हणून चालकाने तो झाडाच्या उंचीपर्यंत वर नेला. तेवढ्यात शाळेचं एक लहान विमान उतरणीला लागलेलं दिसलं. बघता बघता ते खाली आलं, जरासं डगमगलं आणि मोठा आवाज करत पुन्हा वर निघून गेलं. आम्ही सगळे माना वर करून हसलो. एक जण तर म्हणाला, "पोराला भ्याव वाटलं वाटतं!"

अर्ध्या तासाने धावपट्टीवरचे एक शिक्षक मोटारसायकलवर आले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, त्या विमानात मुलगी होती. एकटी. आज तिचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. तुमच्या ड्रोनकडे तिची नजर गेली आणि नाक वर उचललं गेलं. वेग उतरायला लागला. मी खालून रेडिओवर ओरडलो, सोड, वर जा! तिनं ऐकलं म्हणून बरं."

बंधूंनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मलाही एक लेक आहे.

दोन सेकंदांचा हिशेब

नंतर त्याच शिक्षकांकडून मी सगळं समजून घेतलं. शाळेचं लहान विमान उतरताना ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येतं. म्हणजे एका सेकंदाला पस्तीस मीटर. "हे काय आहे बरं?" म्हणून दोन-तीन सेकंद खाली पाहिलं, तर विमान शंभर मीटर पुढे गेलेलं असतं. धावपट्टीच्या तोंडापासून किलोमीटरभर अलीकडे त्याची उंची दोनशे फुटांच्या आसपास असते. तिथून पुढे वेग, उंची, वारा आणि समोरची पट्टी ही चारही अवधानं एकदम सांभाळावी लागतात. मोठ्या विमानतळावर मदतीला यंत्रं असतात, मनोऱ्यावर माणूस असतो. लहान पट्टीवर पुष्कळदा वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि स्वतःचे डोळे, एवढाच आधार.

मान वळली की नकळत हातही वळतो. नाक वर गेलं तर वेग उतरतो, आणि वेग मर्यादेखाली गेला की पंख भार धरत नाहीत. उंचावर हे सावरता येतं. जमिनीलगत सावरायला जागाच नसते.

जाणत्यांचंही चित्त चळतं

हे फक्त शिकाऊ पोरांचं होतं असं समजू नका. अमेरिकेत २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री एक मोठं प्रवासी विमान मायामीला उतरायला आलं होतं. पुढचं चाक खाली आल्याचं दाखवणारा एक छोटा दिवा लागेना. सगळे अनुभवी वैमानिक त्या दिव्यामागे लागले. दरम्यान उंची धरून ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा सुटली होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळलं. १७६ पैकी शंभराच्या वर माणसं गेली. बिघाड होता तो एका दिव्याच्या बल्बचा!

पुढे ११ सप्टेंबर १९७४ रोजी तिथल्याच शार्लट गावी धुक्यात उतरणारं आणखी एक विमान पडलं. उतरताना वैमानिक राजकारणाच्या आणि जुन्या मोटारींच्या गप्पा मारत होते, हे ध्वनिमुद्रणावरून उघड झालं. सत्तरच्या वर बळी गेले. अशा घटनांनंतर १९८१ साली अमेरिकेत नियम झाला, की दहा हजार फुटांखाली वैमानिकांनी कामाशिवाय दुसरं बोलायचं नाही आणि दुसरं काही करायचं नाही. म्हणजे चाड्यावर मूठ असताना हाक नाही. आपल्या बापजाद्यांना हे तिफणीमागे चालताना कळलं होतं.

विमानाच्या आतली शिस्त वैमानिकाने पाळायची. बाहेरची मात्र आपल्या हातात आहे.

आपण काय सांभाळायचं?

१) धावपट्टी म्हणजे खळं नव्हे. मका, ज्वारी, मिरची वाळवायला गुळगुळीत डांबरी जागा मोहात पाडते, हे कबूल. पण सांडलेल्या दाण्यावर पाखरं येतात आणि पाखरांचा थवा उतरत्या विमानासमोर उठतो. त्यापेक्षा चार जणांनी मिळून ताडपत्री घ्या.

२) गुरं, शेळ्या बांधा. सराव बहुधा सकाळच्या शांत वाऱ्यात चालतो आणि आपली गुरंही तेव्हाच सुटतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरतला उड्डाणासाठी धावणाऱ्या प्रवासी विमानाला म्हैस धडकली होती. माणसं वाचली, म्हैस गेली.

३) पऱ्हाट्या, पाचट पेटवू नका. धूर पट्टीवर आला, की वैमानिकाची नजर पट्टी शोधण्यात अडकते. शिवाय पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवले, तर गुलाबी बोंडअळीला आपणच आसरा देतो. श्रेडरने बारीक करून खत करा. रानालाही तेच चांगलं.

४) मेलेलं जनावर, कोंबड्या उघड्यावर टाकू नका. घारी, कावळे, कुत्री जमतात. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात पक्षी ओढणारी घाण टाकायला कायद्यानेच बंदी आहे. खोल खड्डा करा, चुना टाका, माती लोटा.

५) पाखरं हाकलायला फटाके वाजवत असाल, तर आधी आभाळाकडे बघा. विमान उतरणीला असेल तर दोन मिनिटं थांबा. उडालेला थवा कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.

६) लग्नसराईत लेसरचा झोत आभाळात फिरवू नका. रात्री उतरणाऱ्याचे डोळे एकदा दिपले, की काही क्षण त्याला पट्टीच दिसत नाही.

७) खांब, तारा, उंच झाडं. पंपाची नवीन लाइन घेताना ती उतरणीच्या वाटेत येते का, ते आधी विचारा. ऑगस्ट २०१९ मध्ये अलीगढजवळच्या धनीपूर पट्टीवर उतरताना एक विमान विजेच्या तारांत अडकून पडलं. आतले सहाही जण वाचले, हे नशीब. २०१७ साली आपल्याच लातूर जिल्ह्यात निलंग्याला तत्कालीन मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडताना तारांत सापडलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल.

८) ड्रोन. २०२१ च्या नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत ड्रोन जमिनीवरून उचलायलाच परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंतच सूट आहे. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर तांबडा, पिवळा, हिरवा पट्टा बघून मगच भाड्याने ड्रोन बोलवा. मी तो बघितला नव्हता.

दुसरी बाजूही ऐका

हे सगळं गावात सांगायला गेलो, तेव्हा एका आप्पांनी मला पारावरच अडवलं. "भाऊसाहेब, आमची गाडीवाट त्या पट्टीनं खाल्ली. पलीकडच्या रानात जायला तीन किलोमीटर फेरा पडतो. बैल घेऊन आम्ही काय उडत जायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं खरं होतं. कुंपणाला भगदाड पडतं ते हौसेनं नव्हे.

म्हणून धावपट्टी सांभाळणाऱ्यांनाही सांगणं आहे. कुंपणाच्या कडेने बैलगाडी जाईल एवढी वाट द्या. सरावाच्या वेळा आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, गावाबरोबर बसा. नुसता "प्रवेश निषिद्ध" असा पाटीवरचा मजकूर वाचून बैल थांबत नाही.

त्या गावात आता फोन नंबर लागला आहे. वाटेचा अर्ज अजून कागदावरच फिरतो आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. आप्पा मात्र सकाळी विमानाचा आवाज आला, की शेळ्या अलीकडेच रोखून धरतात. मी विचारलं, "फेरा पडतो म्हणून तुम्ही रागावला होता ना?" तर म्हणाले, "राग पट्टीवर आहे हो. वरच्या लेकरानं काय केलंय?"

तुमच्या शिवारावरून असं विमान जात असेल, तर येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर काढा. आणि ते उतरणीला लागलेलं दिसलं, की दोन मिनिटं हातातलं काम थांबवा. समजा, वर कुणीतरी चाड्यावर मूठ धरली आहे.