जुना फोटो, जुनी चाल आणि नवी कल्पना

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात आली की नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे तिचे मुक्काम होतात. या दिवसांत घरोघरी पैपाहुणे असतात, टाळमृदंगाचा आवाज दिवसभर कानावर पडत असतो. अशा गर्दीत एखादे नातवंड भिंतीवरच्या काळ्या-पांढऱ्या फोटोकडे बोट दाखवून ‘हे कोण?’ असे विचारते आणि एरवी गप्प असणारी आजी बोलू लागते. फोटोतल्या माणसापासून सुरू झालेली गोष्ट लग्न, दुष्काळ, बैलजोडी असे करत जात्यावरच्या ओवीपर्यंत पोहोचते.

वैद्यकशास्त्राने अशा हळवेपणाकडे बराच काळ संशयाने पाहिले. परमुलखात नोकरी करणाऱ्या स्विस लोकांना लागणाऱ्या घरच्या ओढीला योहानेस होफर याने १६८८ मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले, ते आजाराचे नाव म्हणूनच. आज ही भावना आजार मानली जात नाही. उलट, जुन्या आठवणींचा आणि नव्या कल्पनांचा मेंदूतला कारखाना बऱ्याच अंशी एकच आहे, असे दिसू लागले आहे.

याचा एक महत्त्वाचा पुरावा २००७ मध्ये लंडनमधून आला. कानशिलाच्या आत, मेंदूच्या खोलगट भागात ‘हिप्पोकॅम्पस’ असतो. नव्या आठवणी तयार करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी या भागाला इजा झालेल्या पाच रुग्णांना समुद्रकिनाऱ्यासारख्या प्रसंगांची कल्पना करायला सांगितले. त्यांतील बहुतेकांना सलग, जिवंत चित्र उभे करता आले नाही. ज्याला मागचे नीट आठवत नाही त्याला पुढचे नीट रंगवताही येत नाही, असा याचा अर्थ. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली फाइल नव्हे. मेंदू सुटे तुकडे जुळवून ती दर वेळी नव्याने रचतो. तेच तुकडे वेगळ्या रीतीने जुळले की कल्पना होते.

जुना फोटो हे तुकडे वर काढण्याचे काम करतो. फोटोतले लुगडे, पितळी तांब्या, मागचा वाडा पाहताच त्याला लागून असलेले वास, आवाज आणि माणसे आठवतात. मोबाइलमधल्या हजारो फोटोंनी हे सहसा होत नाही, कारण ते काढले जातात पण क्वचितच पाहिले जातात. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी नुसते फोटो काढले, त्या त्यांना डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या.

गाण्याचा परिणाम आणखी खोलवर होतो. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की आवडत्या संगीताने अंगावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवते. आवडती जागा येण्याआधीच, ती येणार या अपेक्षेनेही ते स्रवते. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त ठळक राहतात, म्हणून त्या काळातली गाणीही पटकन मनात शिरतात. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील एका संशोधकाने ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यासोबत १५५ जणांवर केलेल्या प्रयोगात आनंदी संगीत ऐकणाऱ्यांना शांततेत बसलेल्यांपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या. एकच नेमके उत्तर शोधण्याच्या कामात मात्र असा फायदा दिसला नाही.

जुन्यातून नवे घडवण्याची ही रीत जगभर आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात रे चार्ल्स यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचा ढंग प्रेमगीतांना दिला आणि त्यातूनच ‘सोल’ संगीत पुढे आले. आपल्याकडे तेच काम जात्यावर होत होते. चाल आईची, आजीची. शब्द मात्र त्या पहाटेचे. हात दळणात गुंतलेले आणि लय ठरलेली असल्याने मन मोकळे राही व भाऊ, माहेर, विठ्ठल यांवर नवी ओवी जुळे. हेमा राईरकर आणि गी पोईतवाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून जास्त ओव्या नोंदवून ठेवल्या. गिरण आल्यावर जाते थांबले. अनेक ओव्या आज केवळ वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहेत, आणि त्या स्त्रियांबरोबर त्या जाणार आहेत.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांसोबत आठवड्यातून एकदा अर्धा तास बसावे. एका वेळी दोन-तीनच फोटो घ्यावेत. ‘ओळखलं का?’ अशी परीक्षा न घेता ‘इथं काय चाललंय?’ असे विचारावे. म्हटलेले गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहावीत. भिंतीच्या ओलीने फोटोंवर बुरशी चढते. ते कोरड्या जागी ठेवावेत. नंतर मुलांना त्या फोटोवरून गोष्ट लिहायला किंवा त्या चालीवर नवी ओवी रचायला सांगावी.

काही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. फोटो म्हणजे आठवणीचा पुरावा नव्हे. २००२ च्या एका प्रयोगात लहानपणी गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा बनावट फोटो दाखवल्यावर वीसपैकी निम्म्या प्रौढांना तो न घडलेला प्रसंग कमी-अधिक ‘आठवला’. त्यामुळे जमिनीचे वा भाऊबंदकीचे वाद अशा गप्पांवरून सोडवू नयेत. स्मृतिभ्रंश या उपायाने बरा होत नाही. रुग्णाला थोडी उभारी मिळते आणि घरच्यांशी बोलणे होते, इतकेच. वृद्ध माणूस एक-दोन दिवसांतच अचानक असंबद्ध बोलू लागला तर त्यामागे जंतुसंसर्ग, साखर किंवा सोडियम कमी होणे अशी कारणे असू शकतात. अशा वेळी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

गेलेल्या माणसाचा फोटो पाहून डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. पण उदासी, झोप उडणे, जेवण तुटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवावे किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. बाकीच्यांनी या रविवारी ट्रंक उघडायला हरकत नाही. फोटोतली माणसे ओळखणारे कुणीतरी घरात आहे, तोवरच ते करण्यात अर्थ आहे.